बाभळीची झोळी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या चुलतभावाच्या बायकोच्या, सत्यशीलावहिनीच्या तोंडून जशी ऐकली तशीच सांगते. पदरचं काही नाही.

यंदाच्या माघातली. आष्टीकडचे डोंगर. संध्याकाळचे पाच वाजलेले.

त्या भागात वाघ आल्याची बातमी होती. माझ्या चुलतभावाला, अंगददादाला, चैन पडेना. "ताडोब्याला कावून जायचं? वाघ आपल्याच दारात आलाय," म्हणत त्याने तिथल्याच पंडितमामांची जीप ठरवली. सहा महिन्यांची ओवी वहिनीच्या मांडीवर.

पाझर तलावाशी ओल्या मातीत पंजे उमटलेले. ताजे.

"आता कुनी खाली उतरायचं न्हाई," म्हणत मामांनी जीप बाभळीखाली लावली.

बाभळीच्या फांदीला जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी टांगलेली होती. कामावरच्या बाया लेकराला अशीच निजवतात. पण आसपास बाया नव्हत्या. काम नव्हतं.

ओवी किरकिरायला लागली. दादाने खिडकीतून हात काढून झोळीला झोका दिला.

"बघ ओवे, तुजा झोपाळा."

"अहो, रिकामी झोळी हलवू नये," वहिनी म्हणाली.

"वाघ आला की त्यालाच निजवू त्यात," दादा हसला.

मामा हसले नाहीत. त्यांनी गुपचूप चावी फिरवली.

जीप चालू झाली नाही.

पुन्हा फिरवली... नाही.

दादाचा हात कधीचाच आत आला होता. वारा नव्हता. झोळी मात्र हलतच होती. तितर, होले, सगळी पाखरं एकदम गप्प झालेली.

मग ती झोळी हळूहळू खाली ताणली गेली.

आत कुणी निजल्यासारखी...

ओवी रडायची थांबली. डोळे उघडे, नजर झोळीकडे. वहिनीने तिच्याखाली हात घालून बघितलं. मांडीवरचं लेकरू हलकं लागत होतं. प्रत्येक झोक्याला आणखी हलकं.

"मामा, माजी पोरगी... थांबवा ते."

"माज्यानं न्हाई थांबायचं, ताई. ज्या आईचं लेकरू, तिनंच थांबवावं लागतं."

"भाईर वाघ हाय," दादाने तिचा दंड धरला.

वहिनीने ओवी त्याच्या मांडीवर दिली, तिची कुंची तेवढी काढून घेतली आणि दार उघडलं.

बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. तेवढंच तिला आठवलं. तिने तळहाताएवढा धोंडा उचलला, कुंचीत गुंडाळला आणि झोळीत ठेवला.

आत ऊब होती.

मागच्या झुडपात काहीतरी श्वास घेत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

झोळी थांबली. जीप पहिल्या चावीला चालू झाली. ओवी टाहो फोडून रडली, आणि वहिनी म्हणते, ते रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

वाघ कुणालाच दिसला नाही.

याला चार महिने झाले. ओवी हसते, रांगते, पोटभर खाते. पण अंगणवाडीत वजन केलं की काटा सहा किलो दोनशेवरच. माघापासून दर महिन्याला तेवढाच. डॉक्टरांनाही काही सापडत नाही.

परवा मामांचा फोन आला.

"ताई, त्या झोळीत तुमी काय ठिवलं व्हतं?"

"तळहाताएवढा धोंडा. कावून?"

मामांनी आवाज खाली आणला.

"फांदी लई वाकलीय, ताई. झोळी भुईला टेकायला आलीय..."

वहिनी आता ओवीला मांडीवरून खाली ठेवत नाही.

आणि हे सांगता सांगता माझाही हात माझ्या मांडीवरच्या लेकराखाली जातो... जरा उचलून बघायला.