जयवंताचा गोटा

"जयवंताचा हात हिच्या हातात उतरला, तं जयवंता सुटली समजा. अन् मंग ही अडकली."

सासूबाई हे मामंजींना सांगत होत्या, तट्ट्याच्या पलीकडे. अलीकडे मी चूल फुंकत होते. बांबूच्या त्या तट्ट्यातून धूरसुद्धा आरपार जायचा. पण नव्या सुनेला कान नसतात, असं आमच्या सासरी सगळे धरूनच चालले होते.

जयवंता म्हणजे ह्यांची पहिली बायको. आदल्या पावसाळ्यात तापानं गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं घालायचा म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात होता. आमची ओळख तेवढीच.

घर केळझरच्या अलीकडे, गावाबाहेर, नाल्याच्या काठी. मडकी भाजायच्या आव्याचा धूर नको म्हणून कुंभाराला गाव जरा लांबच ठेवतं. त्या वर्षी गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. हे सेवाग्रामला दवाखान्यात, कपडे धुण्याच्या खात्यात. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणायचे, "खोली भेटली का नेतोच तुले." त्या न मिळालेल्या खोलीत मी मनातल्या मनात भांडीसुद्धा मांडून ठेवली होती.

आमच्यात चाक पुरुषाचं, थापी बाईची. मामंजी चाकावरून उतरवायचे ते नुसतं जाड, बुटकं भांडं. त्याचा रांजण करायचा बाईनं. डावा हात आत, मुठीत गुळगुळीत दगडी गोटा. उजव्या हातात लाकडी थापी. बाहेरून थाप, आतून गोटा, मधली माती पातळ होत फुगत जाते. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिकवणारी आपला हात शिकणारीच्या हातावरून आत घालते, आणि शिकवून झालं की तिथेच, मडक्याच्या अंधारात, आपला गोटा तिच्या मुठीत सोडते. तो असाच हातातून हातात जातो. ठेवलेला उचलायचा नसतो.

सासूबाईंनी आपला गोटा जयवंताला दिला होता. जयवंताला द्यायला कोणी मिळालंच नाही. मडकी थापायच्या छपरीतल्या कोनाड्यात, राखेवर, तो तसाच बसून होता. सासूबाईंची बोटं आता वळत नव्हती. मला त्यांनी नाल्यातला एक साधा दगड दिला आणि मातीपुढे बसवलं.

मला शिकायचंच नव्हतं. जिला काही येत नाही तिला कोण अडकवून ठेवणार? मी मन लावून भोकं पाडत होते.

"माहेरी पोळ्या तरी गोल होत होत्या काय वं तुह्या?"

"होत होत्या."

"मंग मातीनंच काय घोडं मारलं तुहं?"

मी खाली मान घालून पुढचं भांडं फोडायला घ्यायची.

वैशाखातली दुपार होती. सासू-सासरे बंडीत उरलेसुरले जुने माठ भरून सेलूच्या बाजाराला गेले होते. नाला कोरडा, वाटेवर चिटपाखरू नाही. वारा पडला होता आणि छपरीत ओल्या मातीचा, राखेचा, शिळ्या पाण्याचा वास भरून राहिला होता. करमत नव्हतं म्हणून मी थापी उचलली. थप... थप... माझाच आवाज मला सोबतीला.

आणि आत, माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर, कोणीतरी हात ठेवला.

गार होता. ओला. बोटं माझ्या बोटांपेक्षा लांब. त्यांनी माझं मनगट जरासं वळवलं, सासूबाई महिनाभर सांगत होत्या आणि मी मुद्दाम करत नव्हते, अगदी तसं. माझा उजवा हात आपोआप चालू लागला. थप, थप-थप. थांबून पुन्हा थप, थप-थप. ही चाल मला कोणी शिकवली नव्हती. भांडं माझ्या मांडीवर हळूहळू फुगत होतं, श्वास घेतल्यासारखं.

मग रांजणाच्या पोटातून आवाज आला. घुमलेला, बारीक, दमलेला.

"आज शनवार हाय काय वं...?"

मी हात ओढून अंगणात पळाले. बाहेर रखरखीत ऊन, तारा नसलेले खांब, आणि लांबवर टेकडीवरचं देऊळ. हाक मारावी असं कोणी नव्हतं. मूठ उघडली तर नाल्यातला खरखरीत दगड नव्हता. गुळगुळीत, काळा, मधे अंगठ्यानं झिजलेला गोटा होता. छपरीत डोकावले, तर कोनाड्यातल्या राखेत नुसता खळगा.

कितीतरी वेळ मी उन्हात उभी होते. मग पाय भाजायला लागले. आत गेले, रांजणाच्या तोंडाशी वाकले आणि म्हटलं, "नाई... आज मंगळवार."

आत कोणीतरी बसल्यासारखी माती जराशी दबली.

रात्री भाकरी थापता थापता मी सासूबाईंना विचारलं, "त्या कोणत्या वारी गेल्या?"

"कोण? जयवंता? शनवारी." त्या चुलीकडे पाहत राहिल्या. "नाल्याले पूर होता. माहा चंद्रभान सेवाग्रामवरून येऊच शकला नाई. दाराकडं पाहत पाहत गेली पोरगी. काऊन विचारतं?"

"असंच."

त्यानंतर मी भोकं पाडली नाहीत. पाडताच येत नव्हती. दोघं घराबाहेर पडले की आतला हात यायचा. रोज कडेपासून बुडापर्यंत थोडं थोडं पुढे न्यायचा, चुकलं की करंगळीनं टोचायचा. आणि रोज तोच प्रश्न. मी वार सांगायची. गुरुवारी तर तिच्याआधी मीच सांगून टाकला. उरलेल्या घरात माझ्याशी दिवसाकाठी कामापुरतं बोलायचे. इथे निदान कोणी काही विचारत होतं, आणि तेही मलाच माहीत असलेलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सासूबाई पाणी घेऊन लवकर परतल्या आणि अंगणातच थांबल्या. घागर डोक्यावर तशीच. त्यांनी छपरीतली थाप ऐकली होती, जयवंताच्या चालीची.

"उतरला हो हात!" त्या मामंजींना ओरडून सांगत होत्या. "सुटली माही जयवंता!" मग आत येऊन त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शनिवारी दुपारी हात आला, तो काही शिकवायला नाही. रांजणाचं बूड तेवढं राहिलं होतं. त्यानं थापू दिलं नाही, नुसता माझा हात धरून ठेवला. मी हळूच म्हटलं, "हो. आज शनवार." हात घट्ट झाला.

संध्याकाळी हे आले. नेहमीपेक्षा लवकर, हातात नवी पत्र्याची पेटी.

"भेटली खोली," हे म्हणाले. "उद्याच निघू."

"अन् रांजणं कोण करन?" मामंजी ओट्यावरून उठले. "आता कुठी हात उतरला तिच्यात, अन् तू घेऊन चालला!"

"एक रांजणं थापून थापून इथंच मेली, बाबा. हिले नेतो मी."

"जयवंताले सोडवलं हिनं," सासूबाई म्हणाल्या. "विचार हिलेच."

तिघं माझ्याकडे पाहू लागले. त्या घरात मला काय हवंय ते कोणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. मला जायचंच होतं. पेटी उचलायला मी वाकले, उजव्या हातानं. डावा हात पदराखाली होता, दुपारपासून गोट्यावर मूठ मिटलेला. मी बोटं सोडवू पाहिली. सुटली नाहीत. मुठीवर अजूनही मूठ होती, गार, आणि आता मला छपरीकडे ओढत होती.

"येतं ना वं?" ह्यांनी विचारलं.

तेवढ्यात छपरीतून आवाज आला. थप. थप-थप. थापी माझ्या हातात नव्हती. मी अंगणात होते, सगळेच अंगणात होतो. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. ह्यांनी छपरीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. ह्यांना ती चाल ओळखू आली होती.

आवाज थांबला. कोणीतरी उत्तराची वाट पाहत होतं.

लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात मोठ्यानं बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"तुमी जा," मी म्हटलं. "पण दर शनवारी येजा. चुकवू नका. आमी दोघी वाट पाहतो."