वाकणारं दार

कॉफीच्या खिडकीतल्या बाईने कोलादाचा, म्हणजे वाटून प्यायच्या दाट गोड कॉफीचा, मोठा पेला पुढे सरकवला, आणि तो तरुण रिवाजाप्रमाणे बोटभर उंचीच्या पेल्यांमध्ये कॉफी ओतून रांगेतल्या सगळ्यांना देऊ लागला. ट्रकवाल्याला दिली, दोन वेल्डरना दिली, आणि शेवटी ओडालिसपाशी येऊन थबकला. तिच्या पेल्यात ओतली तेव्हा उरलासुरला सगळा फेस तिच्याच वाट्याला आला... त्याचा स्वतःचा पेला मात्र कोरडाच राहिला.

“अहो, तुम्हाला उरलीच नाही!”

“असू दे. बदल्यात नाव सांगा.”

“एका घोटाला नाव? भलतेच व्यवहारी दिसता.”

“फेसही दिलाय, तो धरलाच नाही तुम्ही हिशोबात.”

ती हसली. हायालिया शहराच्या या कडेला सगळी गोदामंच. कालव्याच्या काठावर हिरवे इग्वाना ऊन खात पडलेले, आणि मे महिना असल्याने सकाळीच अंगाला घाम. अशा ठिकाणी कुणी इतकं मोकळं बोलेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“ओडालिस,” ती म्हणाली. “आणि मला उशीर होतोय. एक दार बंद करायला आलेय मी.”

“काय सांगता! मी एक दार मोडून घ्यायला आलोय.”

दोघंही थांबली. तिने त्याच्या शर्टावर शिवलेलं नाव वाचलं — रेनान. आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“म्हणजे माझ्या मामाला फोनवर ‘तुमच्या खिट्ट्या म्हणजे केसांच्या पिना’ म्हणणारे... ते तुम्ही?”

रेनानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मामा कुठायत?”

“गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आज पिनांबरोबर मी आलेय.”

एवढं बोलून ती ताडताड रस्ता ओलांडून गेली. पेला मात्र तिने फेकला नाही, हातातच राहू दिला.

ओडालिस मामाच्या कारखान्यात दारांच्या खिट्ट्यांची आखणी करायची. मोठ्या दारांच्या माथ्यात आणि तळाशी बसणाऱ्या, आतली दांडी दाबली की एकदम सुटणाऱ्या. कितीतरी शाळा-दवाखान्यांना तिच्या खिट्ट्या लागल्या होत्या. पण त्यांची परीक्षा होते कशी, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. दर वेळी मामाच जायचा. या खेपेला किनाऱ्यालगतच्या एका बेटावरची शाळा होती. तिच्या मोठ्या सभागृहात वादळाच्या वेळी सगळं बेट आसऱ्याला येई. आर्किटेक्टने दार रेनानच्या कारखान्याचं निवडलं होतं आणि खिट्टी तिच्या मामाची. दोघांची गाठ अशी परस्परच बांधली गेली होती.

चाचणीच्या शेडमध्ये पोलादाची एक अवाढव्य पेटी होती. तिची एक बाजू उघडी ठेवून त्या जागी ते दोन कवाडांचं दार चौकटीसकट बसवलेलं. आणि दारासमोर, चाकांवर, एक लांबलचक नळी.

“तोफ?” तिने विचारलं.

“तोफच,” रेनान म्हणाला. “दारूगोळ्याच्या जागी दाबलेली हवा. आणि गोळ्याच्या जागी हा.” त्याने घर बांधायला वापरतात तसा एक लाकडी वासा दाखवला, त्याच्या स्वतःपेक्षाही लांब. “वादळ छपरं उचकटतं ना, तेव्हा हेच उडत येतं.”

“रेषेच्या मागे!” फिलोमेनबाई ओरडल्या. शेडची सगळी सूत्रं त्यांच्या हाती होती. हैतीहून आलेल्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज असा की तोफेनेही ऐकावं. सगळे जाड काचेमागे गेले. बाई आपल्या भाषेत मोजू लागल्या, “यून... दे... त्वा!”

आवाज आधी पोटात घुमला, मग कानात शिरला. वासा दिसलाच नाही. दार थरारलं, मग चौकट, मग पायाखालची फरशी, आणि फुटक्या टोकाचा वासा खाली पडून लोळत राहिला. दारावर मूठभर खोलगा. बस्स, एवढंच. दार जागच्या जागी होतं!

ओडालिस त्या खोलग्याकडे बघत राहिली. आपण कागदावर रेघा मारतो, त्या रेघांवर कुणीतरी हे असं येऊन आदळतं...

दुसरा वासा अगदी खिट्टीच्या जवळ बसला. तोही दाराने झेलला.

“आता माझी बाही परत मिळेल का?” शेजारून हळूच आवाज आला.

तिने खाली पाहिलं. तिच्या मुठीत त्याच्या शर्टाची बाही होती, चांगली चुरगळलेली. तिने ती झटकन सोडली. “आवाज मोठा होता,” ती म्हणाली.

“मी कुठे तक्रार करतोय?”

मग खरी परीक्षा सुरू झाली. मोठ्या पंख्यांनी पेटीत हवा भरली जाई, मग ओढून घेतली जाई. पुन्हा भरली, पुन्हा ओढली. वारा म्हणून सुटला नव्हता, शेडमधलं एक पानही हलत नव्हतं, आणि तरी ते पोलादी दार फुगत होतं, आत जात होतं, फुगत होतं. झोपलेल्या एखाद्या प्रचंड जनावराची छाती असावी तसं. असं हजारो वेळा व्हायचं होतं.

“दार... श्वास घेतंय,” ओडालिस पुटपुटली.

“वादळात घेतंच.” रेनान उलट्या खोक्यावर बसला आणि पेरूचा गर भरलेला पास्तेलितो मोडून अर्धा त्याने तिला दिला. “मी पाहिलंय. त्याच शाळेत होतो मी, शेवटचं मोठं वादळ आलं तेव्हा. दार फुटलं नाही. खिट्टी निसटली. मग आम्ही सगळ्यांनी दाराला पाठी लावल्या. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आमचा गणिताचा मास्तर. पाठीला कळतं हो, वारा काय असतो ते.”

मघापर्यंत तिला तो आगाऊ वाटत होता.

“म्हणून पिना?” तिने हलकेच विचारलं.

“म्हणून पिना,” तो म्हणाला. “चुकलंच माझं, असं कधी बोलू नये.” आणि तिच्याकडे पाहून हसला. “अर्थात, पिना बऱ्या धरतायत अजून.”

तेवढ्यात ‘खट्’ असा आवाज झाला.

लहानसाच. पण पुढच्या क्षणाला दोन्ही कवाडं धाडकन बाहेर फेकली गेली, पेटीतून हवेचा लोट उसळला आणि फिलोमेनबाईंचे कागद शेडभर उडाले. पंखे बंद पडले. त्या शांततेत वरची खिट्टी उघडी, सरळ, चकचकीत दिसत होती.

रेनान उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “निसटली,” तो म्हणाला. “पुन्हा निसटली.”

“तुमचं दार वाकलं म्हणून!”

“दार वाकणारच! वाकलं नाही तर तुटेल! धरून ठेवायचं काम तुमचं होतं.”

“आणि खोबण? ती तुमच्या चौकटीत आहे ना?”

“झालं भांडून?” फिलोमेनबाई कागद गोळा करत म्हणाल्या. “माझ्याकडे दार नापास, खिट्टी पास असा प्रकार नसतो. जे काही आहे ते एकत्र उभं राहतं, नाहीतर एकत्र पडतं. पावसाळी वादळं तोंडावर आलीत. जा, आणि मिळून विचार करा.”

बाहेर पाऊस कोसळत होता. दोघं आपापल्या गाडीकडे धावली, आणि कुणी कुणाला अच्छासुद्धा म्हटलं नाही.

पण ओडालिसच्या डोक्यातून ते दार जाईना. मोडलं काहीच नव्हतं. खिट्टी सरळ, खोबण शाबूत. मग निसटली कशी? दुसऱ्या दिवशी कारखान्यात बसल्या बसल्या ती पोलादी पट्टी दोन तळव्यांत धरून चाळा करत होती. पट्टी वाकवली की तळवे जवळ येत, सोडली की लांब जात... जवळ... लांब...

तिने फोनच लावला. “वाकलं की आखूड होतं!”

“कोण बोलतंय?” पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

“ओडालिस! दार मधून फुगलं की त्याचा माथा खाली येतो. केसभर. त्याबरोबर खिट्टीही खाली येते, आणि खोबणीतून सुटते. तुमचं दारही चांगलं आहे आणि माझी खिट्टीही! फक्त... दोघांनी एकमेकांना जागाच दिली नाही.”

फोनमधून शिडी सरकवल्याचा आवाज आला.

“मी शाळेत आलोय, मापं घ्यायला,” रेनान म्हणाला. “याल इथवर?”

समुद्रावरच्या पुलांवरून जाणारा तो लांब रस्ता तिने जवळजवळ उडतच कापला. दोन्हीकडे निळं, हिरवं, पुन्हा निळं पाणी. शाळेच्या सभागृहात रेनान एकटाच शिडीवर होता. ओडालिस त्या रिकाम्या दारापुढे उभी राहिली. समोर थेट समुद्र. आज तो मांजरासारखा पायाशी लोळत होता. मागे एवढी थोरली खोली.

“किती माणसं असतात आत?”

“सगळं बेट. कुत्री, पोपट, एकदा तर एक डुक्करही होतं.”

ती हसली नाही. त्या उंबऱ्यावर तिला पहिल्यांदाच आपल्या कामाची भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी. एवढी माणसं तिच्या बोटभर पोलादाच्या मागे निजणार होती.

“खिट्टी लांब करते मी,” ती हळू म्हणाली. “तू खोबण खोल कर. दार कितीही वाकू दे, सुटता कामा नये.”

शिडीवरून तो तिच्याकडे बघतच राहिला.

“काय झालं?”

“‘तू’ म्हणालीस.”

“काय?”

“मला... ‘तू’ म्हणालीस.”

तिने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. पण गाल लपवायला समुद्राचा काही उपयोग नव्हता.

पुढचे दिवस कधी त्याच्या कारखान्यात, कधी तिच्या. ती पोलाद घासायची, तो वेल्डिंग करायचा. मामा कुबड्या टेकत येऊन म्हणायचा, “मिहा, पोरी, एका खिट्टीला इतका वेळ?” आणि स्वतःशीच हसत परत जायचा.

दुसऱ्या चाचणीला दोघं काचेमागे शेजारी शेजारी उभी राहिली. वासे आदळले. दार फुगू लागलं, ओसरू लागलं. ओडालिसची नजर माथ्यावर खिळलेली. खिट्टी खाली येत होती... आणि खोबणीत उरत होती. पुन्हा येत होती, पुन्हा उरत होती. मागच्या वेळी जिथे ‘खट्’ झालं होतं, तो क्षण आला आणि गेला. दोघांनाही तो कळला. त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागली आणि तिथेच थांबली.

पंखे थांबले. दार उभं होतं — खोलगे पडलेलं, रंग उडालेलं, तरी उभं.

“नाचू नका एवढ्यात,” फिलोमेनबाई म्हणाल्या. “उघडून दाखवा. वादळ गेल्यावर माणसांना बाहेरही पडता आलं पाहिजे ना?”

ओडालिस बाजूच्या झडपेतून पेटीत शिरली. आत अंधार, उकाडा. तिने दांडी दाबली. हललं नाही.

“जोर लाव!” बाहेरून रेनान.

“तू बाजूला हो आधी. अंगावर येईल.”

“येऊ दे.”

तिने कंबरेने दांडीला धक्का दिला. वर खिट्टी सुटल्याचा आवाज झाला, आणि हजारो वादळी झोके झेललेलं ते दार एका मुलीच्या धक्क्याने मुकाट उघडलं. समोर उजेड, आणि उजेडात रेनान. तो खरंच बाजूला झाला नव्हता.

“ओडालिस... उद्या मी बेटावर दार बसवायला जातोय. येशील?”

“खिट्टी बसवायला?”

“नाही. ती मला येते आता बसवता.”

“मग?”

त्याने एकदा फिलोमेनबाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम छताकडे बघत होत्या. “आईला सांगून ठेवलंय. जिच्याबद्दल मी रोज बोलतो, ती जेवायला येणार आहे म्हणून.”

“मला विचारायच्या आधीच?”

“...हो.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर आईला खरं सांगावं लागलं असतं. की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तुला ते सांगायला मी घाबरलो. वासा अंगावर आला तरी चाललं असतं, पण हे...”

ओडालिसने पेटीचा उंबरा ओलांडला. “आईंना सांग, येतेय,” ती म्हणाली. “आणि खरं तेही सांग. दोन्ही.”

“दार!” फिलोमेनबाईंनी टाळी वाजवली. “बंद करून दाखवायचं राहिलंय अजून!”

दोघांनी एकेक कवाड धरलं आणि लोटलं. वर खिट्टी खोबणीत खोल जाऊन बसली. या वेळी ओडालिस बाहेर होती, त्याच्या शेजारी, आणि तिचा हात त्याच्या हातात होता.