दुपारी दोन ते पाच

विकी हे लिहिणारच नव्हता. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं.

पंढरीनाथ नाखवाची होडी रात्री खडकावर फुटली. नाखवा गेला, आणि गावाने ठपका ठेवला प्रणयवर, विकीच्या जिगरी दोस्तावर. आकाशात खूप वर विजेने भारलेला थर असतो. तो खवळला की सॅटेलाइटचे सिग्नल तुटतात, जीपीएस भरकटतं. कधी खवळणार, हे हौशी रेडिओवाला प्रणय रोज मच्छीमारांच्या ग्रुपवर टाकायचा. होडी फुटली त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. त्याने आकडे पाठवले, त्याच्या नावाने मेसेज विकीने टाकला: दुपारी दोन ते पाच जीपीएसवर विसंबू नका.

आता गावाने प्रणयचा अँटेना मोडला होता, पोलीस केसची भाषा चालली होती. म्हणून विकीने इंद्रलोक सोसायटीतल्या हेमालीला आणलं. ती लग्नाआधी स्थळांच्या चौकशा करून द्यायची, पण डोकं तेज.

"मशीन ओके आहे, मॅडम," जीपीएस बसवणारा अनिश म्हणाला. "रेकॉर्ड बघा. दुपारभर जागा बरोब्बर. रात्री आठला उड्या मारायला लागली."

"मग प्रणयचा अंदाजच चुकला?" विकी घाबरला.

"तू डोकं भाड्याने दिलंयस काय? गप्प बस जरा," हेमाली म्हणाली.

नाखवाची बायको रंभा दारातच उभी राहिली. "वायरलेसवर बोलले, पाचपर्यंत नांगर टाकून बसतो, मगच निघतो. मेसेज पाळला त्यांनी! अजून काय करायचं व्हतं?"

प्रणय खोलीत भिंतीला टेकून बसला होता. "आकडे माझे, चूक माझी. बस."

सकाळचे अकरा वाजलेले, त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच.

"सेल टाक रे त्यात," विकी म्हणाला.

"चालतंय ते."

हेमाली घड्याळाकडे बघत राहिली. "आकडे काय होते?"

"चौदा ते सतरा."

"मग अंदाज बरोबर होता," ती सावकाश म्हणाली. "रेडिओवाले जगभर ग्रीनिचची वेळ पाळतात. भिंतीवर तीच आहे, आपल्या साडेपाच तास मागे. चौदा ते सतरा म्हणजे आपले रात्रीचे साडेसात ते साडेदहा. प्रणय रोज साडेपाच तास वाढवून टाकायचा. त्या दिवशी कोणी वाढवले नाहीत. नाखवा दुपारभर उगाच थांबला, धोका टळला समजून निघाला आणि बरोबर धोक्यात शिरला."

विकीने फोनवर तो मेसेज काढला. "मेसेज तर मी..."

तो प्रणयकडे वळला.

"प्रणय, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून नाखवा परत येणार होता? म्हटलं, एक घर बुडालं तेवढं पुरे."

विकीला रडूही येईना. आपण ज्याला शोधायला निघालो तो आपणच. आणि नाखवा मेला तो आपलं ऐकून.

"आज रंभावहिनींकडे जातो," तो म्हणाला. "माझ्या तोंडाने सांगतो."

"मारतील तुला."

"मारू देत. तू यायचं नाहीस. आणि ग्रुपवर सगळं लिहितो, माझ्या नावानिशी. शब्द देतो तुला, प्रणय. पुसणार नाही."