ओठांवरची बोली

शनिवारच्या बाजारात पाऊस नुसता भुरभुरत होता. एडा रंगीत रिबिनींच्या दुकानापाशी उभी होती, आणि चौकाच्या पलीकडे चीजवाला रूबेन आपल्या आत्याच्या कानाशी लागला होता. "आली बघ, तपकिरी शालवाली! ती समोर आली ना, की माझी बोबडीच वळते गं आत्या..."

एडा तडक चौक ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चीजचा एक तुकडा द्या. बोबडी वळली नसेल तर!"

रूबेनची सुरी हातातच राहिली. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं? दिसलं."

आत्याला हसू आवरेना. "अरे, ही क्लेगब्रुकच्या गिरणीतली विणकरीण! मागांच्या खडखडाटात ढोल वाजवला तरी ऐकू जायचा नाही. ओठांवरूनच बोलतात त्या. यांच्यासमोर गुपित बोलायची सोय नाही, बाबा!"

बाजारगाव आणि गिरणीगाव यांच्यात टेकडी एकच, पण अढी पिढ्यान्‌पिढ्यांची. हे नाक मुरडणार, ते यांना शिष्ट म्हणणार. या दोघांना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. दर शनिवारी पुलावर ओठांच्या बोलीची शिकवणी चालायची.

"तोंड नीट उघड! गरम बटाटा खाल्ल्यासारखं काय करतोस?"

"तुझ्या ओठांकडे बघितलं की शिकणंच राहतं—"

"मग नको बघूस."

"तेवढं सोडून काहीही सांग..."

वेडाच होता. सगळं मन चेहऱ्यावर, पण मुद्द्याची गोष्ट काही तोंडातून निघेना! तेवढ्यात काकांनी त्याला लांबच्या बंदरगावी दुकान सांभाळायला बोलावलं. सोमवारी दुपारची गाडी. शेवटच्या शनिवारी तो तिचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला आणि म्हणाला काय, तर "पाऊस... थांबेल असं वाटतं." घरी जाऊन एडा उशीत तोंड खुपसून रडली.

सोमवारी सकाळी माग धडधडत असताना तिची मान सहज वर झाली. दारात रूबेन! टोपी छातीशी धरलेली, आणि ओठ मोठमोठे करून आवाज न काढता तो बोलत होता, "मला जायचं नाही. माझ्याशी लग्न करशील?"

बिचाऱ्याला वाटलं, हे एकट्या एडालाच कळेल. अख्ख्या खात्यातल्या बायका माना वळवून वाचत होत्या. शेजारच्या फॅनीकाकूंनी तर ओठांनीच दटावलं, "बघतेस काय? हो म्हण!"

एडाच्या डोळ्यांत पाणी, कपाळाला आठ्या. तीही ओठांनीच म्हणाली, "इतके दिवस कुठे होतास रे मेल्या? हो, हो, हो!"

पण रूबेनला तशी बोली बोलता येऊ लागली होती, वाचायची राहूनच गेली होती. त्याने आठ्या पाहिल्या, पाणी पाहिलं, आणि मान खाली घालून तो चालू लागला.

एडाने आपला माग थांबवला. मुकादम हातवारे करत राहिला, आणि ही लाकडी तळव्यांचे बूट वाजवत अंगणात धावली.

"रूबेन! थांब!"

"नाही म्हणालीस ना? कळलं मला."

"डोंबल कळलं! इकडे ये. माझ्या ओठांकडे बघ. नीट बघ."

त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती एकच शब्द म्हणाली. अगदी सावकाश, आवाज न करता.

"पुन्हा म्हण," तो कुजबुजला.

"एवढ्या जवळून दिसलं नाही?"

"दिसलं. पण मला पुन्हा बघायचंय..."

वर खिडक्यांशी बायकांची झुंबड उडाली होती. मागच्यांना दिसत नव्हतं, म्हणून फॅनीकाकू त्यांना ओठांनीच सगळं सांगत होत्या. दुपारची गाडी रूबेनला न घेताच सुटली.