धुरामागचा नवरा

साम्राज्यं तलवारीवर उभी राहतात आणि चित्रकार ती अजरामर करतात. पूर्वेकडच्या मकासार बंदरातल्या सोंबाओपू किल्ल्यावरचा डच हल्ला अजरामर करणारा चित्रकार मात्र ऐन हल्ल्याच्या दिवशी पोट धरून डचांच्याच जहाजात पडला होता. आंबट मासळी बाधली होती. त्यामुळे सगळं निवल्यावर तो पडक्या तटासमोर छत्री लावून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, "इथं काय झालं?"

तिथल्याच बस्से नावाच्या तरुणीला पुष्कळ सांगता आलं असतं.

मांगाली तिला याच तटाखाली, विहिरीवर भेटला होता. डागडुजीची माती वाहून नखशिखांत चिखल झालेला.

"पाणी घाल थोडं. तोंड धुतो, म्हणजे कोण ते दिसेल तुला."

"न दिसलेलंच बरं वाटतंय."

तरी तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं... जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ तोंडानं आला, आणि बस्से विहिरीवर आली ती घागर घरीच विसरून.

लग्न ठरलं. नेमके लग्नाच्या दिवशी डच चालून आलेले; सरदार कुणालाच तटावरून सोडेना. नवरा येऊ शकत नसेल तर त्याची कट्यार नवरीशेजारी ठेवून लग्न लावायचं, ही तिकडची रीत. मांगालीनं मित्राच्या हाती कट्यार धाडली. इमामानं दुआ वाचली. मामी म्हणाली, "गुणी जावई गं. जेवतसुद्धा नाही."

बस्सेनं त्याच मित्राकडून उलट निरोप पाठवला, पहिल्यांदाच अहो-जाहो करून — "लवकर या. हा भांडतच नाही."

पहाटे डचांनी तटाखालचा सुरुंग उडवला. मांगाली बरोब्बर त्यावरच उभा होता. पुरायलाही काही सापडलं नाही. सुरुंगापुढं कट्यार काय करणार, हे बस्सेलाही कळत होतं. पण माणूस रिकाम्या कमरेनं गेला... तेवढंच तिला गिळता येत नव्हतं.

कापडात गुंडाळलेली कट्यार छातीशी धरून ती चित्रकारापुढं उभी राहिली.

"माझा नवरा काढा."

"कुठं होता?" त्यानं मोडक्यातोडक्या मलय भाषेत विचारलं.

तिनं कागदावर, त्यानं काढलेल्या डच जहाजामागच्या तटावर बोट ठेवलं.

"इथं धूर आहे, बाई."

"धूर तुमचा. नवरा माझा."

 पावाच्या तुकड्यानं चित्रकारानं कोळशानं रेखलेला धूर हलकेच पुसला आणि तिथं तांदळाएवढा माणूस काढला.

"कमरेला कट्यार द्या. माझ्याकडे राहिली होती."

त्यानं केसाएवढी रेघ ओढली. बस्से कागदावर वाकली. ओठ हलले; काय म्हणाली ते चित्रकाराला कळलं नाही, आणि ते त्याच्यासाठी नव्हतंच. मग डोळे पुसून ती सरळ झाली.

"अजून काही?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"ते तुमचं जहाज तेवढं बाजूला घ्या," ती म्हणाली. "त्याला समोरचं दिसत नाहीये."