रेषेबाहेरचा पुंजका

"ही ज्याची गोष्ट, तो माणूस अजून आहे. रोज सकाळी फिरायला भेटतो. तेव्हा नाव विचारू नका," म्हातारे सर म्हणाले. राउंड उरकला होता. ड्युटीच्या खोलीत तीन शिकाऊ डॉक्टर त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसले.

तो गृहस्थ लॅबमध्ये बुरशी ओळखायचं काम करायचा. सगळे त्याला बुरशीकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. अकरा डिसेंबरची रात्र, गुरुवार. साडेअकराला घरी पोचून जेवायला बसल्यावर काकाच्या लक्षात आलं की चष्मा लॅबमध्येच राहिला. "एक दिवस डोकं विसरून याल तिथे," बायको म्हणाली. हॉस्पिटल काय, रस्ता ओलांडला की आलं. तो तसाच निघाला.

चष्मा टेबलावरच होता. तो डोळ्यांवर चढवतोय तोच वॉर्डातून फोन.

"काका, आहात अजून? देव पावला. आमच्या बाईंचं काही उगवलं का?"

बाई म्हणजे बत्तीस वर्षांची एक शिक्षिका. रक्ताचा कॅन्सर. केमोने पांढऱ्या पेशी शून्याला टेकल्या होत्या, सात दिवस ताप उतरत नव्हता आणि स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ दिसत होती. बुरशीच असणार म्हणून डॉक्टरांनी नेहमीचं औषध सुरू केलं होतं. ताप ढिम्म हलला नाही. नळी घालून फुप्फुस धुतलेलं पाणी परवाच लॅबमध्ये आलं होतं.

"बघतो," म्हणून काकाने फोन ठेवला आणि त्या पाण्यातली बुरशी उगवायला ठेवलेली प्लेट काढली.

नमुना प्लेटवर रेषा ओढून लावतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रेषेवर उगवेल ते रुग्णाचं. रेषेबाहेर उगवेल ते हवेतून पडलेलं, ते फेकायचं. बाईंच्या प्लेटवर रेषा कोऱ्या होत्या. फक्त कडेला, रेषेपासून बोटभर दूर, राखाडी कापसासारखा एक पुंजका. पार झाकणापर्यंत फुगलेला.

हवेतली, काका मनाशी म्हणाला. त्याने कचऱ्याची लाल पिशवी उघडली.

"साहेब, रिपोर्ट आला?"

रिपोर्ट देतात त्या खिडकीतून आवाज. काका सवयीने बोलून गेला, "उद्या सकाळी या."

"मागच्या वेळीही उद्याच म्हणालात."

मग खोकला. कोरडा. तीनदा. आणि शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास…

काकाचा हात जागच्या जागी थांबला. हा खोकला त्याच्या ओळखीचा होता.

दीड वर्षापूर्वीचा सुतार. सव्वीस वर्षांचा पोरगा, किडनी बदललेली. मास्क लावून रिपोर्ट न्यायला स्वतः यायचा. त्याच्याही प्लेटवर रेषेबाहेर असाच पुंजका होता. काकाने ती फेकली आणि 'काही उगवलं नाही' असं लिहिलं. चौथ्या दिवशी पोराला रक्ताची गुळणी आली. खेळ खलास. प्लेट केव्हाच कचऱ्याबरोबर जळून गेली होती. कोणी विचारलं नाही. काकानेही कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

काकाने खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. कडी आतून.

बारा वाजून वीस मिनिटं.

त्याने पुन्हा तिकडे पाहिलं नाही. प्लेट हवा ओढून घेणाऱ्या हुडखाली नेली. पुंजक्याला चिकटपट्टी लावली, ती काचपट्टीवर दाबली. मायक्रोस्कोपवर वाकला.

फितींसारखे रुंद धागे. वेड्यावाकड्या. मधे भिंती जवळजवळ नाहीतच.

ही नेहमीची बुरशी नव्हती. चालू होतं ते औषध हिच्यापुढे म्हणजे नुसतं पाणी.

कोणीतरी श्वास घेत होतं. मागे… नाही. समोर. अगदी जवळ. काकाने डोळे भिंगावरून उचलले नाहीत. चाचपडतच फोन घेतला.

"औषध बदला. आत्ताच्या आत्ता."

"काका, त्या दुसऱ्या औषधाने बाईंची किडनी बसेल. सकाळी मोठ्या सरांना विचारून—"

"सकाळी नाही! किडनीचं नंतर बघू, बाई तर राहू देत. आणि सर्जनला उठवा. शिव्या माझ्या नावावर."

सर थांबले.

"वाचल्या?" एका मुलीने विचारलं.

"वाचल्या. फुप्फुसाचा तुकडा कापावा लागला. त्यातही त्याच फिती निघाल्या. आता शाळेत जातात, पोरांना ओरडतात."

"आणि… खिडकीतला तो?"

सर खुर्चीत पुढे सरकले.

फोन ठेवल्यावर काकाने मान वर केली. समोर कोणी नव्हतं. मायक्रोस्कोप विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीचा होता. दुसऱ्यालाही तेच दिसावं म्हणून पलीकडच्या बाजूला भिंगांची आणखी एक जोडी. परीक्षा संपल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं.

त्या भिंगांवर श्वासाची वाफ होती.

काकाने पांढऱ्या कागदाने ती पुसली…

कागद लाल झाला.