स्मृत्यंक तीन

रत्नागिरीजवळच्या टेकडीवरल्या विषाणू प्रयोगशाळेत डॉ. निरुपमा चेंदवणकर यांनी त्या सकाळी स्वतःच्या रक्ताची चाचणी तिसऱ्यांदा केली. आकडा हलायला तयार नव्हता. तीन म्हणजे तीन.

"यंत्र बिघडलंय," त्या म्हणाल्या.

"त्याच यंत्रावर माझा बावन्न आला, बाकीच्यांचाही पन्नासच्या आसपास," त्यांचे सहकारी डॉ. अल्ताफ तांबोळी म्हणाले. "यंत्राला काय धाड भरलीय, मॅडम!"

सहा वर्षं देश जिल्ह्याजिल्ह्यांत कोंडला होता. लस तयार होईतो विषाणू अंगरखा बदलायचा. अखेर वाट सापडली ती निरुपमाबाईंनाच. ज्याच्या शरीराला विषाणूच्या बऱ्याच रूपांची ओळख आहे, त्याला नवं रूप मारू शकत नाही. त्या ओळखीचं माप म्हणजे स्मृत्यंक. ज्याचा अंक चाळीसच्या वर, त्याने उद्यापासून खुशाल कुठेही जावं, असा नियम त्यांनीच लिहिला होता. आज त्यावर त्यांची सही व्हायची होती, आणि सही करून त्या अमरावतीला निघणार होत्या. तिथे मावशीकडे त्यांची शर्वाणी होती. नऊ वर्षांची असताना सोडलेली लेक आता पंधराची झाली होती.

"तुम्हा सगळ्यांचा अंक एवढा कसा? राहिलो तर एकाच इमारतीत."

तांबोळी ओशाळले. "रागावू नका. सामान आणणारा सदूभाऊ दर गुरुवारी घरचं कालवण आणायचा. जनरेटरमागे बसून आम्ही एकाच ताटात खायचो. श्वासातून, उष्ट्यातून विषाणू थोडाथोडा अंगात जायचा आणि शरीर त्याला ओळखून ठेवायचं. तुम्ही मात्र..."

तुम्ही मात्र! बाईंचं सोवळं अख्ख्या खात्यात गाजलेलं. वेगळी खोली, वेगळा डबा, उकळलेलं पाणी. वाढदिवसाचा पेढासुद्धा कधी कुणाच्या हातून घेतला नाही. लेकीला पुन्हा भेटायचं तर जिवंत राहायला हवं, एवढंच त्या माउलीला कळत होतं. आता अशा बाईला शहाणी म्हणावं की वेडी, तुम्हीच सांगा!

"ठीक आहे. आता वाढवते अंक."

"कसा? तुमचंच सातवं कलम आठवा. ज्याचा अंक दहाच्या खाली, त्याच्याजवळ बाहेरून आलेल्या कुणीही फिरकायचं नाही. देशात असे दोनशे बाराच जण निघालेत, सगळे एकटे राहणारे, नियम पाळणारे. आम्ही उद्या घरी गेलो की आम्हीही बाहेरचेच. अंक वाढायला माणसं हवीत, आणि माणसं यायला अंक हवा."

"ते कलम काढलं तर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"उद्यापासून माणसं फिरणार, सगळ्या जिल्ह्यांतली रूपं एकदम अंगावर येणार. महिन्याभरात दोनशे बारा माणसं जातील. तुम्हाला धरून."

बाई खुर्चीत बसल्या. असल्या शिस्तीला आग लागो, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. नियम अडवून धरावा, असंही वाटलं. मग देशभरातल्या कोट्यवधी आया डोळ्यांपुढे आल्या, त्यांच्यासारख्याच वाट बघणाऱ्या.

"मी थांबतो इथे," तांबोळी म्हणाले.

"एका माणसाने चाळीस होत नाहीत, अल्ताफभाई. अम्मी वाट बघतायत ना? निघा."

त्यांनी सही केली. संध्याकाळपर्यंत टेकडी रिकामी झाली. भाकरी थापताना बाईंनी उगाचच मोठ्याने बोलून पाहिलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना रडू आलं.

शर्वाणीला खरं सांगायचा धीर मात्र झाला नाही. "कामं आहेत गं, थांब जरा," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या. पण पोर आईवरच गेलेली, ती कसली थांबते! तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आई, मी खाली फाटकाशी आहे! माझा अंक एकाहत्तर आहे, तरी हे उघडत नाहीये. कुणी बंद केलंय?"

निरुपमाबाई गच्चीवर धावल्या. पायथ्याशी पिवळ्या ओढणीतली एक उंच मुलगी हात हलवत होती. केवढी वाढली होती!

"मीच बंद केलंय, बाळा. जवळ येऊ नकोस." आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

खाली शर्वाणीने फाटकाचा गज घट्ट धरला.

"मग कधी उघडेल?" शर्वाणीने विचारलं.

सगळ्या देशाला तारीख देणाऱ्या त्या बाईंना लेकीला तारीख देता येईना.